कन्नमवार नगर: इमारत पाडण्यापूर्वी वसाहतीचा इतिहास कुठून सुरू करावा?

खाडीकाठचा:
विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात माझा जन्म झाला आणि आयुष्याची अठ्ठेचाळीस वर्षे मी एकाच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काढली. दिवाळीनंतर ही इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. संस्थेने त्याआधी एक स्मरणिका काढायचे ठरवले असून मजकूर जमवण्याचे काम, मी पालिकेला पत्रे बरी लिहितो एवढ्याच भांडवलावर, माझ्या गळ्यात पडले आहे. आतापर्यंत बावीस लेख आले. त्यांतले सतरा गणेशोत्सवावर आणि चार कबड्डीच्या सामन्यांवर आहेत. उरलेला एक लेख म्हणजे तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी पाण्याच्या पंपाबद्दल केलेली तक्रार आहे, आणि खरे सांगायचे तर वसाहतीचा इतिहास त्या एकाच लेखात थोडाफार सापडतो.

माझे मत असे की या वसाहतींचा इतिहास आपण मालक म्हणून लिहितो आणि तिथेच चुकतो. आमचे वडील इथे भाडेकरू म्हणून आले होते. घर सरकारचे होते आणि भाडे दरमहा भरावे लागे. पुढे केव्हातरी ते घर आमचे झाले, आणि आता त्याच घराच्या जागी किती चौरस फूट मिळणार यावर जिन्यात रात्री अकरापर्यंत चर्चा चालते. सरकारी भाड्याचे घर खासगी मिळकत कसे झाले, हा मला स्मरणिकेचा कणा वाटतो.

प्रश्न मात्र अगदी साधा आहे. आमच्या इमारतीत पहिले बिऱ्हाड कोणत्या वर्षी आले, हे कसे ठरवावे? दर्शनी भिंतीवर वर्ष कोरलेले नाही. ज्येष्ठांना विचारले तर प्रत्येक जण स्वतःच्या थोरल्या मुलाच्या जन्मावरून हिशेब करतो आणि तीन जणांची तीन वर्षे निघतात.

वैदर्भी:
ज्यांच्या नावाने तुमची वसाहत आहे ते मारोतराव उर्फ दादासाहेब कन्नमवार आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. वसाहतीला त्यांचे नाव निधनानंतर दिले गेले असे धरले, तर एक कडा तुम्हाला मिळते. जेमतेम वर्षभर मुख्यमंत्री राहिलेल्या आमच्या माणसाचे नाव मुंबईत रोज हजारो लोक बसच्या कंडक्टरसमोर उच्चारतात याचे आम्हाला अप्रूप आहे, मग भले त्यांतल्या निम्म्यांना ते कोण हे ठाऊक नसो.

मीटरबॉक्स:
निम्म्यांना? माझ्या भाच्याला परवापर्यंत 'कन्नमवार' हे एखाद्या वाराचे नाव वाटत होते.

निवृत्त_ओव्हरसियर:
खाडीकाठच्या मित्रांनी कणा बरोबर पकडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी सरकारी नोकरीत नव्हतो. कंत्राटदारांकडे उपनगरांतल्या अशा कामांवर देखरेख करण्यात उमेदीची वर्षे गेली.

मुंबईत कामगारांसाठी सार्वजनिक पैशाने घरे बांधणे ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सुधार ट्रस्ट आला आणि १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, पण ती सगळी घरे शहरात होती. उपनगरांकडे वळण मिळाले ते १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाल्यावर. पुढे दोनदा हंगामी पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबई राज्यात मजूरमंत्री होते आणि या मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळी गिरणी-कारखान्याचा कामगार राहतो कुठे हा मजूर खात्याचाच प्रश्न मानला जाई.

१९५२ साली केंद्राची औद्योगिक कामगारांसाठीची अनुदानित गृहनिर्माण योजना आली आणि मंडळाच्या हातात पैसा खेळू लागला. जमीन स्वस्त मिळायची ती कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, गोरेगाव अशा बाजूला. मुंबईची हद्द १९५० साली आणि नंतर १९५७ साली वाढत जाऊन मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोचली, त्यामुळे ही जागा कागदोपत्री शहराचीच झाली. टिळक नगर, नेहरू नगर, पंत नगर, टागोर नगर, मोतीलाल नगर ही नावांची माळ पाहा. राष्ट्रपुरुषांच्या नावांनी वसाहती उभारण्याचा तो काळ होता.

आता बांधकामाबद्दल. कागदावर घराला 'घर' हा शब्द कधीच नव्हता. तो 'गाळा' असे आणि राहणारा 'गाळेधारक'. एक खोली, एक स्वयंपाकघर, मोरी आणि घरातच संडास, असा साधारण दोनशे चौरस फुटांच्या आसपासचा हिशेब असे. आज तुम्ही त्याला खुराडे म्हणाल, परंतु परळच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आणि मजल्याच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासाच्या रांगेतून आलेल्या माणसाला स्वतःच्या दाराआडचा संडास ही कल्पनाच केवढी मोठी होती! एका गाळ्याचे दार उघडून दाखवताना मी एक बाई पाहिली होती. तिने स्वयंपाकघराकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिने आधी संडासाच्या दाराची आतली कडी तीनदा लावून काढून पाहिली.

पोटमाळा:
ओव्हरसियर काका, कडीचा तो प्रसंग स्मरणिकेत गेलाच पाहिजे. माझी आजी लालबागहून आली तेव्हा पहिले वर्षभर 'इथे रात्री फार शांत असते, झोप लागत नाही' म्हणून कुरकुरायची. गिरणीच्या भोंग्यावर उठायची सवय होती. पुढे खाडीकडून बेडकांचा आवाज सुरू झाला की तिला बरे वाटायचे.

नियमावली:
मला मूळ प्रतिपादनाशी थोडा मतभेद नोंदवायचा आहे. 'सरकारी भाड्याचे घर खासगी मिळकत झाले' हे वाक्य असे लिहिले की जणू रहिवाशांनी काहीतरी बळकावले. प्रत्यक्षात भाडे इतके कमी होते की त्यातून दुरुस्तीचा खर्चही निघत नव्हता, आणि शासनाला ही घरे सांभाळणे डोईजड झाले. गाळे मालकी हक्काने देणे आणि इमारतीची सहकारी संस्था करणे ही शासनाचीच सोय होती. रहिवाशांनी संस्था नोंदवल्या, गळके छत आणि तुंबलेली गटारे त्यांच्या पदरात पडली, आणि जमीन मात्र भाडेपट्ट्यावरच राहिली. अभिहस्तांतरण (मालकी रीतसर संस्थेच्या नावे होणे) म्हणजे काय हे समजून घेण्यात संस्थेच्या किती सचिवांची उमेद खर्ची पडली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

शिवाय सगळे गाळेधारक मूळचे नव्हते. नुसत्या मुखत्यारपत्रावर गाळे हातोहात फिरले. भाडेपावती एकाच्या नावावर आणि राहणारा दुसराच, हे चित्र सर्व वसाहतींत होते. हस्तांतरण पुढे शुल्क भरून नियमित झाले. तुमच्या स्मरणिकेत 'मूळ रहिवासी' असा शब्द वापरणार असाल तर जरा जपून वापरा, कारण त्या एका शब्दावरून सर्वसाधारण सभेत खुर्च्या उचलल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

खाडीकाठचा:
नियमावली यांचा इशारा शिरसावंद्य. बळकावले असे मला म्हणायचे नव्हते. माझ्या वडिलांनी गाळा नावावर करून घेण्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. परंतु ज्यांच्याकडे मोडायला पाटल्या नव्हत्या त्यांनी गाळा विकला आणि ते कल्याण-बदलापूरकडे गेले. आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोन घरांची अशी कथा आहे. त्यांच्याकडून स्मरणिकेसाठी कोणी लेख मागितलेला नाही, हेही मला आजच जाणवले.

मीटरबॉक्स:
१९८२ चा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे नवल वाटते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्याचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांचा दवाखाना पूर्वी आपल्या शेजारच्या घाटकोपरच्या पंत नगरातच होता. कामगार वस्तीत बसून रुग्ण तपासणारा डॉक्टर युनियनकडे वळला याचे मला कधीच आश्चर्य वाटले नाही. आमच्या जिन्यात गिरणीतले तीन, मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातले दोन आणि गोदरेजमधले चार जण राहायचे. संपाच्या दुसऱ्या वर्षी काय झाले ते सांगते. गिरणीवाल्या काकांच्या घरी दिवाळीचा फराळ झाला नाही, म्हणून आईने आमच्या फराळाचे डबे त्यांच्याकडे न पाठवता त्या काकूंनाच 'करंज्या मुरडायला या' म्हणून बोलावले आणि जाताना अर्धा डबा 'मजुरी' म्हणून हातात दिला. काकूंनी तो घेतला. दिलेला फराळ त्यांनी घेतला नसता. कारखानदारी गेल्यावर या वसाहतींचे जे झाले ते इमारतींच्या आयुष्यापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

पूर्वाश्रमीचा_गिरणगावकर:
गोदरेजचा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. विक्रोळीची जमीन त्यांनी १९४३ साली घेतली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या तिथेच तयार झाल्या. म्हणजे विक्रोळीत कारखाना आधी आला आणि गृहनिर्माण मंडळाची वसाहत मागाहून. एका बाजूला कंपनीने आपल्या कामगारांसाठी बांधलेली घरे आणि दुसऱ्या बाजूला सरकारने बांधलेली, अशी दोन्ही प्रकारची घरे चालत जाण्याच्या अंतरावर असलेली ठिकाणे मुंबईत थोडीच आहेत. आमच्यात लग्ने जुळवताना 'मुलगा कंपनीच्या क्वार्टरमध्ये आहे की बोर्डाच्या?' असे विचारत. कंपनीचे क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावे लागे, म्हणून चाणाक्ष सासरे बोर्डाला पसंती देत.

चारकोपकर:
तुम्ही सर्व जण बांधलेल्या गाळ्यांबद्दल बोलत आहात, म्हणून आमचीही हजेरी लावतो. १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी म्हाडाने, म्हणजे जुन्या गृहनिर्माण मंडळाच्या आजच्या अवताराने, घर बांधून न देता आखलेला छोटा भूखंड, नळ, गटार आणि रस्ता दिला, आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वर चढवले. साधारण पस्तीस भूखंडांची एक सहकारी संस्था आणि मध्ये सामाईक अंगण, अशी रचना आहे. माझ्या वडिलांनी आधी पत्र्याची एक खोली उभारली, बहिणीच्या लग्नाआधी स्लॅब टाकला आणि माझ्या लग्नाआधी वरचा मजला. आमच्या घराचा इतिहास लिहायचा तर लग्नपत्रिका पुरतात.

पोटमाळा:
चारकोपकर, तुमच्या धाकट्या भावाचे लग्न ठरले की नाही, एवढ्यावरून चटई क्षेत्र कळेल.

चारकोपकर:
त्याने पळून जाऊन लग्न केले, त्यामुळे गच्ची अजून उघडीच आहे.

बैठं_घर:
मोतीलाल नगर, गोरेगाव पश्चिम. आमच्याकडे इमारतीच नाहीत, बैठी घरे आहेत. १४३ एकरांवर सुमारे ३७०० गाळे, म्हणजे मुंबईच्या मानाने चैनच म्हणायची. अंगणात पेरू होता, पुढे अंगणात खोली आली, नंतर खोलीवर माळा आला आणि वाढीव बांधकामाचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पावसाळ्यात मात्र चैनीचे दाम मोजावे लागतात. जागा सखल असल्याने नाल्याचे पाणी घरात येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही स्वयंपाकाच्या ओट्यावर गॅसची शेगडी आणि तिच्याशेजारी आजोबांना बसवले होते. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने म्हाडाला एका खासगी विकासकाची नेमणूक करून संपूर्ण वसाहतीचा पुनर्विकास करण्याची मुभा दिली. घर मोठे मिळणार हे खरे आहे. पण जवळच्याच सिद्धार्थ नगरच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी घरे सोडल्यानंतर किती वर्षे वनवास भोगला हे आम्ही रोज बाजारात जाता-येता पाहत होतो, त्यामुळे आमच्या आनंदाला थोडी भीतीची किनार आहे. खाडीकाठच्या मित्रांनो, स्मरणिका काढा, पण पर्यायी जागेच्या भाड्याची बँक हमी घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

नियमावली:
बैठं_घर यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. पुनर्विकासाचाही इतिहास असतो आणि तो नियमांच्या क्रमांकांत दडलेला आहे. म्हाडाच्या वसाहतींसाठीच्या नियम ३३(५) खाली २००८ साली चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) २.५ झाला आणि सर्वत्र विकासकांच्या चारचाक्या फिरू लागल्या. मग २०१० साली वाढीव क्षेत्राच्या बदल्यात म्हाडाला पैशाऐवजी घरेच द्यावीत असे धोरण आले आणि कामे थंडावली. पुढे निर्देशांक ३ झाला, २०१७ साली अधिमूल्य, म्हणजे घरांऐवजी पैसे, भरण्याचा पर्याय पुन्हा खुला झाला आणि गाडे हलले. कोणत्याही वसाहतीत फिरताना एखादा उंच मनोरा अर्धवट उभा दिसला तर त्याचा करार यांपैकी कोणत्या दोन तारखांच्या मध्ये झाला असावा, हे बाहेरूनच ओळखता येते.

मलमली:
सिंगापुरात गेली चौदा वर्षे सरकारी मंडळाने बांधलेल्या घरात राहते, म्हणून तुलना करण्याचा मोह आवरत नाही. तिथले गृहनिर्माण मंडळ १९६० साली, म्हणजे आपल्याकडच्यानंतर बारा वर्षांनी स्थापन झाले, आणि १९६४ पासून त्यांनीही घरे भाड्याऐवजी विकत द्यायला सुरुवात केली. परंतु ती विक्री ९९ वर्षांच्या पट्ट्याने असते आणि देखभाल सार्वजनिक यंत्रणेकडेच राहते. आज तिथे पाचांपैकी जवळजवळ चार रहिवासी अशा घरांत राहतात. माहेर नेहरू नगर, कुर्ला. माहेरच्या इमारतीचा जिना आणि सिंगापुरातला जिना यांतला फरक मालकीमुळे पडलेला नाही, जिना कोणी झाडायचा हे ठरलेले असण्यामुळे पडला आहे, असे माझे मत झाले आहे.

निवृत्त_ओव्हरसियर:
मलमली ताई, तुलना मार्मिक आहे, पण संख्येचा फरक विसरू नका. तिथे मंडळाने जवळजवळ सगळ्या लोकसंख्येसाठी बांधले. मुंबईत म्हाडाच्या वसाहतींचा आकडा छप्पन्न सांगतात, तरीही एकंदर शहराच्या मानाने ती घरे मूठभरच. ऑगस्ट २०२३ च्या सोडतीत ४०८२ घरे होती आणि अर्ज लाखांच्या घरात आले. त्या सोडतीत कन्नमवार नगरातलीही घरे होती. ज्या जागी एके काळी कामगाराने गाळा घ्यावा म्हणून त्याची मिनतवारी करावी लागे, कारण त्याला खाडीकाठी जायचे नव्हते, तिथल्या घरासाठी आता चिठ्ठी निघावी म्हणून लोक नवस बोलतात.

मीटरबॉक्स:
आणि चिखल म्हणून नाक मुरडायचो त्या ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आता जाहिरातीत 'फ्लेमिंगो दर्शन' असे लिहितात. आम्ही डासांचे दर्शन फुकट घेत होतो.

पूर्वाश्रमीचा_गिरणगावकर:
सर्वांनी मूळ प्रश्न सोडून दिला असल्याने परत तिथे येतो. पहिले बिऱ्हाड कधी आले हे ठरवायला जुन्या कागदांच्या माथ्यावर छापलेली नावे पाहावीत. आजचे म्हाडा हे प्राधिकरण डिसेंबर १९७७ मध्ये अस्तित्वात आले. त्याआधीच्या पावत्यांवर 'महाराष्ट्र गृहनिर्माण मंडळ' असे छापलेले असते, आणि राज्यस्थापनेपूर्वीच्या कागदांवर 'मुंबई गृहनिर्माण मंडळ'. दुसरी खूण पत्त्याची. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले, त्यापूर्वी 'मुंबई' आणि पुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक लिहीत. गावाहून आलेली आंतरदेशीय पत्रे शोधा. त्यांवर टपालाचा शिक्काही मिळेल.

नियमावली:
सावधपणे वापरा. माझ्या मामाने १९९० पर्यंत दोनच आकडे लिहिले आणि पत्रे बिनचूक पोहोचली. छापील पावतीपुस्तके संपेपर्यंत जुन्या नावाचीच वापरत आणि वर नव्या नावाचा रबरी शिक्का मारत.

खाडीकाठचा:
काल रात्री आईची पत्र्याची ट्रंक उघडली. वरती रेशनकार्डे, त्यांखाली माझी प्रगतिपुस्तके आणि अगदी तळाशी सुताने बांधलेला पावत्यांचा गठ्ठा निघाला. सगळ्यात खालच्या पावतीवर 'महाराष्ट्र गृहनिर्माण मंडळ' असे छापलेले आहे, रबरी शिक्का नाही. पत्त्यात 'कन्नमवार नगर' आहे आणि 'मुंबई'पुढे दोनच आकडे आहेत. भाड्याखाली वेगळ्या ओळीत अनामत रक्कम लिहिलेली आहे, म्हणजे ही पहिल्याच महिन्याची पावती असणार. तारखेच्या जागी शाईने '१ जून' स्पष्ट दिसते. त्यापुढचे वर्ष, फाइलला लावण्यासाठी वडिलांनी स्वतःच्या हाताने पाडलेल्या भोकात गेले आहे.

आई म्हणते, त्या दिवशी पाऊस होता आणि टेम्पोतून आणलेली गादी जिन्यात वाळत घातली होती. वर्ष तिलाही आठवत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर:
भोकाच्या कडेला वर्षाच्या शेवटच्या आकड्याची एखादी शेपटी उरली असेल तर ती पावती उजेडासमोर धरा. सहाची शेपटी खाली वळते आणि आठाची वर जाते. शिवाय पावतीचा अनुक्रमांक लिहून ठेवा. शेजारच्या इमारतीतल्या कोणाची वर्षासह पावती निघाली आणि तिचा क्रमांक जवळचा असला, तर काम झाले.

पोटमाळा:
इमारत क्रमांक व्यक्तिगत निरोपात कळवा. माझी आजी काहीही टाकून देत नसे. रविवारी माळ्यावर चढते.